नदीकाठ, वाया शून्य

बाबा, गेल्या मंगळवारी आम्हाला सगळ्यांना ट्रेनिंगला बसवलं होतं. मला रिटायर व्हायला चार महिने राहिलेत, म्हणजे आता शिकून मी काय दिवे लावणार आहे, पण हजेरीची सही लागते म्हणून गेले. गारेगार एसी हॉल, प्रत्येकीच्या पुढ्यात पाण्याची बाटली, आणि माझ्या पुतणीच्या वयाची एक डॉक्टर मुलगी पडद्यावर चित्रं दाखवत बोलत होती. एक जरी मूल आलं तरी लसीची व्हायल उघडायची, वाया जाईल याचा विचार करायचा नाही, आलेलं मूल परत जाता कामा नये, असं तिनं सांगितलं. तसं हे काही नवं नाही. बरीच वर्षं प्रत्येक ट्रेनिंगला हेच सांगतात आणि मी प्रत्येक वेळी ते वहीत नीट उतरवून घेते. पुढच्या रांगेतल्या एका पोरीनं हात वर करून विचारलं, की मॅडम, म्हणजे पूर्वी परत पाठवायचे का? डॉक्टर हसली आणि म्हणाली, पूर्वीचं मला माहीत नाही. मी पाण्याची बाटली उघडून दोन घोट पाणी प्यायले. हॉलमध्ये ते माहीत असणारी मी एकटीच होते, आणि मला कोणी विचारलं नाही.

तुमचं लसीचं स्टोअर आता राहिलेलं नाही. ती मागच्या अंगणातली खोली पाडून तिथे स्कूटर लावायला शेड केली आहे. पण मला डोळे मिटून सांगता येईल, की दारातून शिरल्यावर डाव्या हाताला मोठा डीप फ्रीझर, त्याच्या शेजारी फ्रिज, भिंतीवर तपमानाचा तक्ता, आणि तक्त्याला दोरीनं बांधलेली पेन्सिल, कारण पेन कोणीतरी पळवतं असं तुमचं म्हणणं. दिवसातून दोनदा तुम्ही चष्मा कपाळावर चढवून थर्मामीटर बघायचात. त्या फ्रिजमध्ये लसीखेरीज काही ठेवायचं नाही हा तुमचा कायदा. मोठ्या डॉक्टरांच्या घरी पाहुणे येणार म्हणून शिपायानं आमरसाचा डबा आत ठेवला होता, तो तुम्ही काढून बाकावर ठेवलात, आणि संध्याकाळी ते न्यायला आले तेव्हा झाकण उडायच्या बेतात होतं. डॉक्टर काही बोलले नाहीत. तुम्हाला कोणी बोलत नसे. एका नगरसेवकाची चिठ्ठी आली होती, आमच्या एरियात लस जास्त द्या म्हणून, तर चिठ्ठी आणणाऱ्या माणसाला तुम्ही चहा पाजलात आणि चिठ्ठी घडी करून त्याच्याच खिशात परत घातलीत. मला तेव्हा तुमचा फार अभिमान वाटला होता, आजही वाटतो, ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुमची गैरसमजूत नको.

बुधवारी सकाळी आठ वाजता आम्ही सगळ्या सिस्टर आपापले लस न्यायचे निळे कॅरियर घेऊन रांगेत उभ्या असायचो. मीही असायचे. घरी तुम्ही मला "पोरी" म्हणायचात, पण त्या रांगेत मी "सिस्टर" आणि तुम्ही मला अहोजाहो करायचात. प्रत्येकीला बर्फाचे चार पॅक, आणि गोवराच्या दोन व्हायल. दांडिया बाजार असो, सुभानपुरा असो, नाहीतर विश्वामित्रीच्या काठची माझी वस्ती असो, दोन म्हणजे दोन. एका व्हायलमध्ये पाच मुलांपुरती पूड. तिच्यात पाणी मिसळलं की चार तासांत संपवायची, उरलेली फेकून द्यायची. वरून तेव्हा माल तुटपुंजा यायचा, म्हणून तुम्ही नियम केला होता, की निदान चार मुलं जमल्याशिवाय व्हायल फोडायची नाही. एक डोस वाया गेला तर चालेल, त्याहून जास्त नाही. संध्याकाळी आम्ही परत आलो की तुम्ही उभं राहून मोठ्यानं वाचायचात, अमुक सेंटर, उघडल्या इतक्या, मुलं इतकी, वाया इतके. ज्या सिस्टरचं वाया जास्त असेल ती पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी राहायची. सगळ्यांना सारखं, यातच तुमचा सगळा धर्म होता.

माझी नोकरी लागण्याआधीची, आपल्या गल्लीतली एक दुपार मला आठवते. दादाचा मुलगा नऊ महिन्यांचा झाला होता, आणि देवळाच्या ओसरीत दांडिया बाजारच्या सिस्टर लस द्यायला बसल्या होत्या. तुम्ही त्या दिवशी रजेवर होतात, म्हणून कडक इस्त्रीचा सदरा घालून बाजूला खुर्ची टाकून बसला होतात. मुलं तीनच जमली होती. सिस्टर तुमच्याकडे बघतात, तुम्ही मान हलवून नाही म्हणता. स्वतःचा नातू मांडीवर आहे, तरी नाही. मग वहिनी तडक वर जाते आणि गॅलरीतून अशी काही हाक मारते, की समोरच्या फरसाणवाल्यानंही वर बघावं. दहा मिनिटांत सहा बायका पोरं घेऊन हजर. एकीच्या पोराच्या अंगाचं तेलही पुसलेलं नव्हतं. व्हायल फुटली, पुढची पण फुटली, नऊ मुलं झाली. जेवताना तुम्ही म्हणालात, की बघा, नियमानं कोणाचं अडत नाही, लोकांनी जरा मनावर घ्यायला हवं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तर जरा जास्तच डोलावली.

माझ्या वस्तीत गॅलरी नव्हती. हाक मारली तर ऐकायलाही कोणी नव्हतं. त्या वर्षांत पश्चिमेकडे जिकडे बघावं तिकडे फ्लॅटचे सांगाडे उभे राहत होते. नवे पगार, नव्या सोसायट्या, प्रत्येक गेटपाशी वॉचमन. सुभानपुऱ्यात तर मुलांचे खाजगी डॉक्टर निघाले होते, आपल्या यादीत नावही नाही अशा लसी ते देत होते, आणि तिथल्या सिस्टर कंटाळून स्वेटर विणत बसायच्या. त्या सांगाड्यांवर विटा-रेती वाहायला माझ्या वस्तीतल्या बायका जायच्या. पंचमहालाकडून आलेली माणसं. सकाळी सातला टेम्पो यायचा आणि वस्ती रिकामी व्हायची, म्हाताऱ्या आणि कोंबड्या तेवढ्या राहायच्या. माझी वेळ अकरा ते दोन. बालवाडीच्या खोलीत टेबल मांडून मी बसायचे, सिरिंजा उकळून ठेवायचे, आणि एखादं दुसरं मूल यायचं. त्याला परत पाठवायचे आणि दोन्ही व्हायल तशाच्या तशा तुमच्याकडे आणून द्यायचे. तुम्ही वाचायचात, "नदीकाठ, उघडल्या शून्य, वाया शून्य." आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे बघायचात. मला ते आवडायचं. बाकीच्या सिस्टर माझ्यापेक्षा वयानं मोठ्या, तुमच्या मुलीला वशिल्यानं नोकरी मिळाली अशी कुजबुज होतीच, आणि तुमच्या तोंडून माझं शून्य ऐकताना मला त्यांची तोंडं बघावीशी वाटायची. दोन महिने असे गेल्यावर तुम्ही लहरीपुऱ्यातल्या दुकानातून मला घड्याळ आणून दिलंत. सेकंद काटा मोठा आहे, नाडी बघायला बरा, असं म्हणालात. सोनेरी डायल, काळा पट्टा. असला लाड तुम्ही कोणाचा केल्याचं मला आठवत नाही.

त्या सुमाराला एक बाई यायला लागली. धावत येते, हाताला कोपरापर्यंत सिमेंट वाळलेलं, कडेवर दहा महिन्यांची मुलगी जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेली. मुकादमाला सांगून अर्ध्या दिवसावर निघून आलेली आहे. पहिल्या बुधवारी तिच्या मुलीखेरीज एकच मूल होतं. मी सांगितलं, की चार झाली की देईन, पुढच्या बुधवारी या, येताना शेजारची पोरं घेऊन या. दुसऱ्या बुधवारी ती पुन्हा आली, तेव्हा तिची धरून तीन झाली. मी पुन्हा तेच सांगितलं, अगदी गोड आवाजात, आपल्या गल्लीचं उदाहरणसुद्धा दिलं, की आमच्याकडे बायका कशा एकमेकींना बोलावतात. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बेन, बीजां छोकरां हुं क्यांथी लावुं?" दुसऱ्यांची पोरं ती कुठून आणणार, सगळ्यांच्या आया कामावर. मी म्हटलं, बघा प्रयत्न करून.

पुढच्या महिन्यात वस्तीत ओरी शिरली. आपण गोवर म्हणतो, त्या बायका ओरी म्हणतात, आणि माताजी आल्या म्हणून दाराला लिंबाचा पाला लावतात. मी घरोघर फिरत होते, अ जीवनसत्त्वाचं औषध पाजत होते, ज्यांना धाप लागली त्यांना दवाखान्यात पाठवत होते. एका दाराचा पाला वाळून खाली पडला होता. ती बाई आत भिंतीला टेकून बसली होती, हात स्वच्छ होते, कारण पाच-सहा दिवस ती कामावर गेलेली नव्हती. मुलगी छातीत कफ होऊन गेली होती. सासूनं मला बसायला गोणपाट टाकलं. मी काय बोलले ते मला आठवत नाही, काहीतरी नेहमीचं बोलले असणार. ती रडली नाही, मला एक वाकडा शब्दही बोलली नाही. म्हणाली, "हुं तो आवी'ती, बेन." मी तर आले होते, एवढंच. मला तिनं झिंज्या धरून बाहेर काढलं असतं तर परवडलं असतं.

त्यानंतरच्या बुधवारपासून मी एकेका मुलासाठी व्हायल फोडायला लागले. संध्याकाळी तुम्ही वाचलंत, "नदीकाठ, उघडल्या एक, मुलं एक, वाया चार," आणि थांबलात. पुन्हा वाचलंत. मग सगळ्यांदेखत म्हणालात, "सिस्टर, लस काय रस्त्यावर सांडायला देतो का तुम्हाला?" मी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी राहिले. घरी आल्यावर आई कढीला फोडणी देत होती आणि तुम्ही ओट्यापाशी उभे होतात, जेवायला बसत नव्हतात, म्हणजे बोलायचं होतं. मग मी बोलले. तुम्ही सगळ्यांना दोन-दोन देता हे सारखं दिसतं, पण गल्लीत गॅलरी आहे आणि वस्तीत सातनंतर चिटपाखरू नसतं, तर ते सारखं कसं, असं काहीसं. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, की उद्या मी तुला जास्त दिल्या तर परवा चिठ्ठी येईल तेव्हा मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू? तुमचं खरंच होतं. ते मला तेव्हाही कळत होतं आणि आज स्वतः सेंटर चालवून झाल्यावर तर फारच कळतं. मग मी त्या मुलीचं सांगितलं. आईनं गॅस बंद केला. तुम्ही विचारलंत, "ती आली तेव्हा मुलं किती होती?" मी म्हटलं, "एकदा दोन, एकदा तीन. चार झालीच नाहीत." तुम्ही चष्मा काढून हातात धरलात. मग म्हणालात, "म्हणजे माझ्या नियमानं," आणि वाक्य तिथेच सोडलंत. त्या दिवशी तुम्ही नुसती कढी प्यायलात आणि पान सारून उठलात.

पुढच्या आठवड्यात तुम्ही एकदा उजाडता उजाडता सायकल काढून कुठे गेला होतात हे मला नंतर वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं. एक चश्मावाळा काका आला होता, टेम्पो सुटेपर्यंत उभा राहून बघत होता, कोणाशी बोलला नाही. त्यानंतरच्या मंगळवारी संध्याकाळी तुम्ही मला म्हणालात, की उद्या पावणेसहाला स्टोअरवर या. अहोजाहो करून, घरात. मी गेले तर दार उघडं, आइसपॅक काढून ठेवलेले, माझा कॅरियर भरलेला. व्हायल दोनच. त्या तुम्ही वाढवल्या नाहीत, शेवटपर्यंत वाढवल्या नाहीत. वेळ तेवढी बदललीत. सव्वासहाला मी टेम्पो लागतो त्या कोपऱ्यावर टेबल मांडलं, कामावर निघालेल्या बायकांनी पोरं पुढे केली, आणि टेम्पो सुटायच्या आत दोन्ही व्हायल संपल्या. चार कशाला, मुलं जास्तच झाली. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, की सगळ्यांना माल सारखाच आहे साहेब, वेळ ज्याच्या त्याच्या सोयीची. मला हसू आलं होतं, कारण हे वाक्य तुम्ही घरी आरशासमोर म्हणून बघितलं असणार.

पण त्याची किंमत तुम्ही दिलीत. रिटायर होईपर्यंत, थंडी असो पाऊस असो, दर बुधवारी तुम्ही पाचला उठलात. चावी दुसऱ्या कोणाकडे द्यायला तयार नव्हतात. संधिवातानं गुडघे गेले तेव्हा दादा तुम्हाला स्कूटरवर सोडायचा आणि कुरकुर करायचा. आणि संध्याकाळी ते वाचून दाखवणं तुम्ही बंद केलंत. आकडे लिहायचात, पण मनातल्या मनात. इतर सिस्टरना वाटलं, की चला, म्हातारा निवळला. मला माहीत होतं. शेवटच्या आजारपणात, ग्लानीतून जरा बाहेर आलात की तुम्ही दादाला वार विचारायचात. एकदा तुम्ही मला जवळ बोलावून म्हणालात, की मी तीनचा नियम करायला हवा होता, तीन होती ना तेव्हा? मी तुमचं पांघरूण सारखं केलं आणि म्हटलं, बाबा, झोपा आता. तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली, तरी ते "ना" मला अजून ऐकू येतं. मला तुमची फार दया आली होती, आणि तरीही मी बोलले नाही.

हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही आणि ठेवणारही नाही, त्यामुळे आता लिहायला वांधा नाही. ती तिसऱ्या बुधवारीही आली होती. कडेवर तिची मुलगी, सोबत सासू, सासूच्या कडेवर एक, आणि बोट धरून चालणारी दोन. कोणाकोणाची पोरं तिनं कशी गोळा करून आणली होती कोण जाणे. त्या संध्याकाळी मोठे डॉक्टर स्टोअरवर येणार होते आणि तुम्ही सकाळीच मला म्हणाला होतात, की आज नदीकाठ पहिलं वाचणार आहे. चारांना पाचाची व्हायल फोडली असती तर वाया एक झालं असतं. तुमच्या नियमात ते बसत होतं. मीच कॅरियरचं झाकण लावून पट्टा आवळून ठेवला होता. तिच्याकडे घड्याळ नव्हतं. मी माझं बघितलं, तुम्ही दिलेलं. दोनला, म्हणजे माझी वेळ संपायला, वीस मिनिटं कमी होती. मी तिला म्हटलं, टाइम थई गयो, बेन.